एमएस प्लेटमध्ये १२ मिमीचा स्लॉट मापात येत नाही, कटर नेमका कुठला घ्यावा?

रबाळे_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे, एक एम१टीआर (हाताने फीड द्यायचं) मिलिंग मशीन, एक लेथ, एक रेडियल ड्रिल. सध्या एका गिऱ्हाइकाच्या फिक्स्चरच्या बेस प्लेट करतोय. १६ मिमी जाडीची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, आयएस २०६२ वाली, त्यात १२ मिमी रुंद आणि ६० मिमी लांब आरपार स्लॉट, दोन्ही टोकं बंद, एका प्लेटला असे चार. स्लॉटमध्ये ग्राइंड केलेला १२ चा ब्लॉक सरकतो म्हणून ड्रॉइंगवर १२ ला प्लस ०.०५ मायनस शून्य दिलंय.

आता लावतोय ती १२ ची चार फ्लूटची (चार दातांची) सॉलिड कार्बाइड एंडमिल कटर. एका टोकाला ड्रिल मारून तिथून कटर आत घालतो आणि मग हाताने फीड देत ४-४ मिमीच्या कटने खाली जातो. स्लॉट वरच्या बाजूला १२.१२ मिळतो, खाली १२.२० पर्यंत जातो, आणि एक भिंत बऱ्यापैकी गुळगुळीत तर समोरची खरबरीत. शिवाय कटरचे कोपरे उडतात, दोन-तीन प्लेट झाल्या की गेला. एचएसएस (हाय स्पीड स्टीलची) लावून बघितली, १२०० आरपीएमला, ती निळी पडली. मशीनला टेबलचा प्ले (स्क्रूतला ढिलेपणा) थोडा आहे पण अगदीच ढिलं नाही. कोणी म्हणतं दोन फ्लूट घे, कोणी म्हणतं रफिंग कटर घे, सप्लायर म्हणतो कोटिंगवाली महाग कार्बाइड घ्या. एमएससारख्या साध्या मटेरियलला एवढं का जड जातंय? कटर नेमका कुठला घ्यावा, जरा नीट सांगा.

वागळे_टूलरूम

भाऊ, तुमचा कटर वाईट नाही, तो या कामाला चुकीच्या जागी लावलाय. स्लॉटिंग म्हणजे साइड मिलिंग नाही हे आधी डोक्यात पक्कं बसवा. साइड कट घेताना कटरची थोडीशीच बाजू मटेरियलमध्ये असते, फुल स्लॉट मारताना अर्धा कटर, म्हणजे पूर्ण १८० अंश, जॉबमध्ये बुडालेला असतो, चिप बाहेर पडायला जागा नाही आणि एक भिंत क्लाइंब होते (दात टेबलच्या चालीच्या दिशेने कापतो) तर दुसरी कन्व्हेन्शनल (दात टेबलच्या उलट कापतो). तुमची एक भिंत चांगली आणि एक खरबरीत येते ती ह्याच्यामुळेच.

आता रुंदी का वाढते ते बघा, हे एकदा समजलं की कटर निवडणं सोपं जातं. चार फ्लूटमध्ये एक दात बरोबर समोर, म्हणजे फीडच्या दिशेला, असतो तेव्हा त्याची चिप सगळ्यात जाड असते. तो दात आडवा चाललेला असतो त्यामुळे मटेरियल कटरला उलट्या बाजूने ढकलतं. फीडच्या दिशेला तोंड करून उभे राहिलात तर कटर डावीकडे ढकलला जातो. आणि नेमक्या त्याच क्षणी बाकीच्या तीनपैकी दोन दात दोन भिंतींना टेकलेले असतात, म्हणजे ढकललेला कटर डावी भिंत जास्तीची खातो. टोकाकडे कटर जास्त वाकतो म्हणून खाली अजून रुंद. तुमचं १२.१२ आणि १२.२० इथून आलं.

दोन फ्लूटच्या स्लॉट ड्रिलमध्ये (सरळ खाली उतरून स्लॉट मारणाऱ्या कटरमध्ये) एक दात समोर जाड चिप घेत असताना दुसरा दात मागे, आधीच कापलेल्या रिकाम्या जागेत असतो. भिंतीला कोणीच नाही. पुढे पाव फेरा झाला की दोन्ही दात भिंतींपाशी येतात, पण तेव्हा चिपची जाडी शून्याजवळ, जोर नाही, कटर सरळ उभा. म्हणून त्याची रुंदी मापात येते. कीवेसाठी (शाफ्टवरच्या कीच्या खाचेसाठी) पिढ्यान् पिढ्या दोन फ्लूटचाच कटर का वापरतात त्याचं कारण हे. हेलिक्समुळे (दातांच्या पिळामुळे) खोल कटमध्ये हे गणित थोडं पुढेमागे होतं पण ३-४ मिमीच्या कटला चांगलंच लागू पडतं. तीन फ्लूट मधल्यामध्ये, रुंदीत दोनएवढा भरवशाचा नाही पण चालायला गुळगुळीत.

एचएसएस निळी पडली कारण १२ व्यासाला १२०० म्हणजे मिनिटाला ४५ मीटर स्पीड झाला. साध्या एचएसएसला एमएसमध्ये २५ ते ३० मीटर पुरे. १२ ला ६५०-७०० आरपीएम, १० ला ८००. आणि सोल्युबल ऑइल सोडा भरपूर. एमएस मऊ आहे म्हणून सोपं वाटतं, पण कार्बन कमी असल्यामुळे ते चिकट आहे, धारेवर वेल्ड होऊन बसतं, मग ती चिकटलेली गाठच कापायला लागते आणि भिंत फाटल्यासारखी दिसते.

महापे_व्हीएमसी

काकांचं दोन फ्लूटचं पटतं पण २०२० नंतर सुद्धा लोक एमएससाठी एचएसएस सांगतात ह्याचं आश्चर्य वाटतं. आमच्याकडे १२ चा स्लॉट १० च्या चार फ्लूट कोटेड कार्बाइडने ट्रोकॉइडल पाथ टाकून मारतो, कटर गोल गोल फिरत पुढे सरकतो, एंगेजमेंट थोडीच, पूर्ण १६ ची डेप्थ एकाच वेळी, कूलंट बंद फक्त एअर. चिप निळी होऊन उडते आणि उष्णता चिपबरोबर निघून जाते, कटर थंडच. नंतर दोन्ही भिंतींना एक फिनिश पास. माप ०.०२ मध्ये. कार्बाइडवर कूलंटची पिचकारी थांबून थांबून मारू नका, गरम-थंड होऊन धारेला बारीक क्रॅक जातात आणि मग कोपरे उडतात, तुमचं तसंच होत असेल.

क्वांटिटी बरीच असेल तर सरळ व्हीएमसीला (सीएनसी मिलिंगला) द्या. नाहीतर स्लॉट लेझरवर कापून आणा आणि मिलिंगवर फक्त फिनिश करा, आपल्या पट्ट्यात १६ एमएम एमएस कापणारे लेझरवाले मिळतील.

वागळे_टूलरूम

व्हीएमसीवर तुम्ही म्हणता तेच बरोबर, त्यात वादच नाही. पण प्रश्न हँडलने फीड देणाऱ्या एम१टीआरचा आहे. हिशोब करून बघा. १० ची कार्बाइड, ९० मीटर स्पीड धरला तर जवळपास २८५० आरपीएम, दर दाताला ०.०४ मिमी, चार दात, म्हणजे मिनिटाला साडेचारशे मिमीच्या वर फीड. हँडलच्या एका फेऱ्याला टेबल ५ मिमी सरकत असेल तर मिनिटाला नव्वद फेरे! कोण माणूस देणार, तेही एकसारखे? तो देतो त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढं, मग धार कापत नाही, नुसती घासते. आणि मधेच हात जोरात पडला, टेबल प्लेमुळे एक झटका सरकलं की कोपरा गेला. कार्बाइड कडक आहे पण झटका सहन करत नाही.

तेच १० ची दोन फ्लूट एचएसएस ८०० आरपीएमला, दर दाताला ०.०४ धरा, मिनिटाला ६४ मिमी, म्हणजे मिनिटाला तेरा फेरे. हे हाताने आरामात देता येतं. मटेरियल एमएस आहे हे झालं निम्मं उत्तर, उरलेलं मशीन सांगतं. पाच टक्के कोबाल्टवाली एम३५ घेतलीत तर धार जास्त टिकेल, थोडा स्पीडही वाढवता येईल, पण कोबाल्ट घेतली म्हणून १२०० ला पळवायचं नाही.

रबाळे_जॉबवर्क

वा, समोरचा दात आणि भिंतीवरचा दात हे आजवर कोणी असं सांगितलं नव्हतं. म्हणजे १२ ची दोन फ्लूट एचएसएस कोबाल्ट स्लॉट ड्रिल घेतली, ६५० ला चालवली तर एकाच पासमध्ये १२ प्लस ०.०५ येईल का? आणि विकत घेताना काय बघायचं, कारण मागच्या वेळी दुकानदाराने "सगळं एकच असतं" म्हणून हातात ठेवलं.

घणसोली_टूलस्टोअर

दादा, सगळं एकच अजिबात नसतं. मी एका कंपनीत टूल स्टोअर बघते, रोज हेच इश्यू करते, म्हणून सांगते.

स्लॉट ड्रिल व्यासाला मुद्दाम थोडी लहान बनवतात. चांगल्या मेकची असेल तर टॉलरन्स ई८ असतो, १२ ला मायनस ०.०३२ ते मायनस ०.०५९, म्हणजे नवी कोरी मायक्रोमीटरवर ११.९४ ते ११.९७ भरते. हे कीवेसाठी असतं, की घट्ट बसावी म्हणून. तुमच्या ड्रॉइंगला १२ च्या खाली चालत नाही, तर एका पासमध्ये स्लॉट लहान येण्याचीच शक्यता, आणि रनआउटने (कटर किंचित वाकडा फिरल्याने) जेवढा मोठा होईल त्याच्या भरवशावर कोणी राहू नये. साध्या एचएसएस एंडमिलला तर व्यासाचा टॉलरन्स बराच ढिला, जेएस१४, म्हणजे १२ ला प्लस-मायनस ०.२१५ पर्यंत चालतं! कागदावर १२ लिहिलंय म्हणून स्लॉट १२ चा येईल हे धरूनच चालायचं नाही. रीशार्प केलेली तर हमखास लहान. स्लॉट ड्रिलला धार लावायची तर शक्यतो तोंडाकडूनच लावून घ्या, बाजूने ग्राइंड केली की व्यास गेला.

दुसरं म्हणजे फ्लूटची लांबी, हे कोणी विचारतच नाही. शॉर्ट स्लॉट ड्रिल १२ ची असेल तर धार साधारण १६ मिमीच असते, १० ला १३. तुमची प्लेट १६ ची आणि खाली मिलीमीटरभर तरी बाहेर काढावी लागणार, म्हणजे शेवटच्या पासला वरचा शँक (कटरची दांडी) भिंतीला घासणार. स्टँडर्ड चार फ्लूट एंडमिलला १० मध्ये २२ आणि १२ मध्ये २६ मिळते. मग सरळ लाँग सीरीज घेऊ का असं वाटेल, तर तसंही नको, लांबी वाढली की वाकतो. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर वाकणं आठपट होतं, हे गणितच आहे.

तिसरं, कटरच्या तोंडाकडे बघा. दोन फ्लूटमध्ये एक दात मध्यापर्यंत गेलेला असतो म्हणून तो ड्रिलसारखा सरळ खाली उतरतो. चार फ्लूटमध्ये मध्ये सेंटरचं होल दिसलं तर ती प्लंज होणार नाही, मध्ये न कापलेला खुंट राहतो आणि कटर बसतो त्याच्यावर. सेंटर कटिंग चार फ्लूट पण मिळते, मागताना तसं सांगायचं.

चिठ्ठीवर असं लिहून द्या: १० मिमी, दोन फ्लूट, स्लॉट ड्रिल, एचएसएस कोबाल्ट, धार १७ मिमीच्या वर. आणि दुसरी १० मिमी, चार फ्लूट, एंडमिल, एचएसएस कोबाल्ट, स्टँडर्ड लांबी. अ‍ॅडिसन, मिरांडा, टोटेम, वायजी यातलं जे बॉक्समध्ये सीलबंद मिळेल ते घ्या. इथल्या सप्लायरकडे नसेल तर मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीट, तिथे चार दुकानं फिरलं की मिळतंच. सुटं, तेलकट कागदात गुंडाळलेलं घेऊ नका, ते रीशार्प आहे का नवं हे कळत नाही.

वागळे_टूलरूम

ताईंनी माझं अर्धं काम केलं. १० का म्हणतायत ते कळलं ना? १२ चा स्लॉट १२ च्या कटरने मारायचाच नाही. रफिंग वेगळं, फिनिश वेगळं.

मी असं करेन. प्लेट पॅरलल्सवर (एकसारख्या उंचीच्या पट्ट्यांवर) घ्यायची, पॅरलल स्लॉटच्या खाली येणार नाहीत असे लावायचे नाहीतर कटर त्यांनाच खाईल. दोन टोकांच्या सेंटरवर, म्हणजे ४८ च्या अंतरावर, ११.८ चं ड्रिल मारायचं. मधल्या भागात जमतील तेवढी ९.८ ची होलं ओळीने, एकमेकांत न शिरता. ड्रिलसारखं स्वस्तात मटेरियल काढणारं दुसरं काही नाही आणि चिपला खाली पडायला वाट मिळते, स्लॉटमध्ये त्याच चिप परत परत कापल्या जात नाहीत. मग १० ची दोन फ्लूट, ८०० आरपीएम, ४-४ मिमीचे कट घेत खालपर्यंत. वरची काळी पपडी कडक असते, पहिल्या कटला डेप्थ निदान मिलीमीटरभर द्या, नुसतं वरवर घासत नेलं तर धार तिथेच मरते.

आता दोन्ही भिंतींवर एक-एक मिमी शिल्लक आहे. चार फ्लूट लावा, पूर्ण डेप्थला खाली सोडा आणि डाव्या बाजूला ०.८ घेऊन पुढे जा, दुसऱ्या टोकाला पोचल्यावर टेबल आडवं सरकवून समोरच्या भिंतीला तेवढंच घेऊन परत या. वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांसारखं फिरायचं. असं केलं की दोन्ही भिंती कन्व्हेन्शनलच कापल्या जातात, टेबलचा प्ले एका बाजूला दबलेला राहतो आणि कटर जॉबला ओढत नाही. उलटं फिरलात तर क्लाइंब होईल आणि प्ले असलेल्या मशीनवर टेबल उडी मारेल. मग मोजा, स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) नाहीतर एक १२.०० आणि १२.०५ ची गो-नो गो पट्टी करून ठेवा, व्हर्नियरवर हे माप करू नका. मोजून झालं की उरलेलं दोन्हीकडून निम्मं-निम्मं.

दोन्ही भिंती एकसारख्या दिसतील आणि कटर १० चा आहे की ९.९ चा याने काही फरक पडत नाही, माप डायलवर आहे. टोकाला ११.८ चा गोल राहील, ब्लॉक अगदी टोकापर्यंत सरकत असेल तर तिथे १२ चं रीमर (भोक मापात आणणारं टूल) घाला.

कळवा_मशिनिस्ट

एक विचारतो, कटर कशात पकडताय? कारण ड्रिल चकमध्ये एंडमिल पकडणारे खूप बघितलेत. ड्रिल चक उभा जोर घेण्यासाठी आहे, आडव्या जोराला त्याचे जबडे ढिले होतात, आणि हेलिक्समुळे कटर खाली ओढला जातो, स्लॉट एका टोकाला उथळ आणि दुसऱ्या टोकाला खोल. आरपार स्लॉटमध्ये ते कळत नाही, पण कटर पॅरललमध्ये घुसल्यावर कळतं. ईआर३२ कोलेट चक (शँकला चहूबाजूंनी घट्ट धरणारा) घ्या, १० च्या शँकला १० चंच कोलेट, नट घट्ट करताना कोलेट आधी नटमध्ये टिचकन बसवा आणि मग स्पिंडलला. कोलेटमध्ये चिप अडकली असेल तर कितीही भारी कटर लावा, वाकडाच फिरणार. डायल लावून शँकपाशी रनआउट बघा, ०.०२ च्या आत हवा.

क्वील (स्पिंडलची खाली-वर होणारी नळी) पूर्ण वर घ्या आणि लॉक करा, हाइट नी (टेबलखालचा वर-खाली होणारा भाग) वाढवून द्या. स्लॉट लांबीत मारताना आडव्या स्लाइडचा लॉकपण लावा, खूप जण हे करत नाहीत.

आणि टोकं उघडी असलेला स्लॉट असेल, म्हणजे प्लेटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, तर ह्या सगळ्या भानगडीत पडू नका. हॉरिझॉन्टल मिलिंग असलेल्या कुणाकडे साइड अँड फेस कटर लावून घ्या, स्टॅगर्ड दातांचा, १०० व्यासाचा असेल तर ८० आरपीएमला, भरपूर कूलंट. एचएमटीची जुनी एफएन मशीन अजून बऱ्याच ठिकाणी मस्त चालतात आणि त्या कामात एंडमिल तिच्या जवळपासही येत नाही. तुमची टोकं बंद आहेत म्हणून इथे चालणार नाही, कारण तो कटर टोकाला मोठा गोल सोडून जातो.

रबाळे_जॉबवर्क

सगळ्यांचे मनापासून आभार. पकडतो ईआर कोलेटमध्येच, पण कटर गरजेपेक्षा खूप बाहेर होता, तो आत घेतला. ताईंनी सांगितलेल्या दोन्ही १० च्या आणल्या आणि काकांच्या पद्धतीने एक प्लेट केली. स्लॉट वर १२.०३, खाली १२.०४, दोन्ही भिंती सारख्या. चिप पांढरी, थोडी पिवळसर, कटर हात लावण्याइतका थंड. वेळ मात्र जास्त लागतोय, ड्रिलिंगला सेटिंग वेगळं म्हणून.

त्यामुळे लेझरचा विचार डोक्यात आहे. महापेवाले भाऊ, लेझरवर स्लॉट किती कमी कापून आणायचा? एकाने सांगितलं की लेझरची कड इतकी कडक होते की एचएसएस लागतच नाही.

महापे_व्हीएमसी

लागते, पण माया नीट ठेवली तर. १६ जाडीला बहुतेक ठिकाणी ऑक्सिजनवर कापतात, त्या कडेला ऑक्साइडची काळी कातडी येते आणि तिच्या खाली पातळ थर तापून थंड झालेला, मूळ एमएसपेक्षा कडक. एमएसमध्ये कार्बन कमी असल्यामुळे तो काही टूल स्टीलसारखा होत नाही, पण तुम्ही त्याच्यावर ०.२ चा कट घेत बसलात तर धार पूर्णवेळ त्या कातडीतच घासत राहणार आणि गेली म्हणूनच समजा. म्हणून स्लॉट १० रुंद आणि ५८ लांब कापून घ्या, म्हणजे सगळीकडे एक मिमी. पहिल्याच पासला ०.७-०.८ घ्या म्हणजे धार कातडीच्या मागच्या मऊ मटेरियलमध्ये चालेल. लेझरची कड १६ मध्ये थोडी तिरकी असते, वरचं आणि खालचं माप दोन्ही घ्या आणि ऑर्डर देताना सांगा की १० हे जास्तीत जास्त, त्याच्या वर जायचं नाही. जिथून लेझर आत शिरतो तो पिअर्सिंगचा डाग स्लॉटच्या मधोमध टाकायला सांगा, भिंतीवर नको, तिथे सगळ्यात कडक गाठ असते.

आणि टोकं मॅन्युअलला ११.८ च्या ड्रिलने ओपन करायला जाऊ नका, आधीच कापलेल्या स्लॉटमध्ये ड्रिल एका बाजूला पळतं. १२ ची दोन फ्लूट स्लॉट ड्रिल टोकाच्या सेंटरवर हळू खाली उतरवा, मग भिंती १० ने. ताई म्हणाल्या तसं शॉर्टची धार १६ च असते, इथे खाली बाहेर काढायला मिलीमीटरभर जास्त लागणार, तर ही एक तेवढी लाँग सीरीजमधली घ्या.

घणसोली_टूलस्टोअर

लाँग सीरीज नको दादा, १२ ची सेंटर कटिंग चार फ्लूट स्टँडर्ड घ्या, २६ धार असते. टोकाला फक्त खाली उतरायचंय, स्लॉट ओढायचा नाहीये, त्यामुळे चार फ्लूटने रुंदी वाढण्याचा प्रश्न येत नाही आणि लांब कटर वाकण्याचाही नाही. फक्त घेताना मायक्रोमीटर बरोबर न्या, १२.०० च्या वर भरली तर दुसरी मागा.